बिल्ला नंबर बाईस सौ सात

परवा आमचे निवृत्त मॅनेजर जोशीसाहेब यांचा फोन आला. दुपारची वेळ, मी नुकतीच आडवी झाले होते. साहेबांचा आवाज इतका दबका, की मला वाटलं दवाखान्यातून बोलताहेत.

"खरातबाई, एक काम होतं. पण घरात कोणाला बोलू नका."

"बोला ना साहेब."

"ते ऑनलाइन रमी असतं ना... त्यात आपण जिंकलो, तर पैसे काढायचे कसे?"

मी उठून बसले. ज्या माणसाने उभ्या नोकरीत दुसऱ्याचा चेक पास करताना तीन-तीनदा चष्मा पुसला, तो आता मोबाइलवर पत्ते कुटत होता! पण हसू दाबलं आणि जुन्या सवयीने एकेक विचारत गेले. साइटवर जिंकलेला आकडा दिसत होता, चांगला घसघशीत. पैसे काढायचं बटण दाबलं की मात्र निरोप यायचा: आधी 'रिलीज चार्ज' भरा, मग रक्कम सुटेल. आणि चार्ज भरायचा कुठे, तर कोणा एकाच्या मोबाइल नंबरवर.

"भरला का तुम्ही?"

"नाही अजून. म्हणून तर तुम्हाला फोन लावला."

"मग तुम्ही खरंच जिंकलात साहेब," मी म्हटलं. "आता फोन बंद करा आणि चहा प्या."

त्यांना समजावून सांगितलं, तेच इथेही सांगून टाकते, कोणाच्या तरी कामी येईल. बक्षिसावरचा कर बक्षीस देणाराच कापून घेतो आणि उरलेले पैसे देतो. तो घेणाऱ्याकडे आधी मागत नाही. जिंकलेले पैसे हातात पडण्याआधी जो तुमच्याकडेच पैसे मागतो, त्याच्याकडे द्यायला काही नसतं. दुसरं म्हणजे, जिथे खेळलात तिथलं नाव आणि तुमच्या बँकेतलं नाव एकच पाहिजे.

"तिथे नाव काय दिलंय तुम्ही?"

साहेबांनी आवाज आणखी खाली आणला. "राजाबाबू."

"आणि बँकेत?"

"बँकेत जोशीच."

"साहेब, बाईस सौ सात विसरलात का?"

पलीकडे साहेब असे हसले की आतून वहिनींनी विचारलं, कोणाचा फोन आहे. पुढे अर्धा तास आम्ही दोघं नामदेव इंगळेबद्दलच बोलत होतो. फोन ठेवल्यावर वाटलं, हे एकदा लिहूनच काढावं.

मी इंदूरजवळच्या महूची. वडील फौजेत सुभेदार होते. आमच्या घरात पत्त्याचा जोड आला असता तर अण्णांनी तो चुलीत घातला असता. अशा माणसाच्या लेकीला इंदूरच्या बँकेत टेबल मिळालं ते लॉटरीच्या तिकिटांचं! अण्णा शेजाऱ्यांना सांगायचे, "आमची शकू कलेक्शनला आहे." काय कलेक्ट करते, ते सांगत नसत.

ज्यांनी तो काळ पाहिला नाही त्यांना थोडं सांगायला हवं. तेव्हा वेगवेगळ्या राज्यांच्या सरकारी लॉटऱ्या असत आणि त्यांची तिकिटं देशभर विकली जात. बारीकसारीक बक्षीस ठेल्यावरच मिळून जायचं. मोठं लागलं की तिकीट त्या राज्याच्या लॉटरी ऑफिसात पाठवायचं, तेही मुदतीत. आता आमच्या शाखेजवळच्या परदेशीपुऱ्यातला माणूस कुठे परमुलखात जाणार? तो तिकीट आमच्याकडे आणून देई. मी पावती देई, तिकीट तिजोरीत जाई, तिथून विमा उतरवलेल्या टपालाने तिकडच्या शाखेत. ती शाखा ते ऑफिसात देई, कर कापून पैसे आले की आम्ही गिऱ्हाइकाच्या खात्यात जमा करायचे. एवढं साधं काम. पण तिकीट माझ्या हातात येईपर्यंत लोक त्याचे जे हाल करत!

एक किराणावाले गृहस्थ तिकीट लॅमिनेट करूनच घेऊन आले. तेव्हा लॅमिनेशनचं नवंनवं वेड होतं. "खराब नको व्हायला म्हणून प्लास्टिक चढवलं मॅडमजी," असं मोठ्या कौतुकाने म्हणाले. मागे सही करायची जागा प्लास्टिकच्या आत! त्यांना म्हटलं, आता सही प्लास्टिकवर बोटाने करता का? एका बाईंनी तिकीट देवापुढे ठेवून त्याला हळदकुंकू वाहिलं होतं, ते नेमकं आकड्यावर. ते मात्र कसंबसं पास झालं. आणि कित्येकांचे आकडे सगळे जुळत, फक्त सुरुवातीची अक्षरं वेगळी असत. त्यांना 'नाही' सांगताना मी आधी पाण्याचा ग्लास पुढे करायची. ग्लास दिसला की माणूस समजून जायचा.

दुसरी एक जात होती, ती काउंटरच्या बाहेर. सियागंजातल्या एका पेढीचा माणूस आमच्या बँकेच्या पायरीवर पान चघळत उभा असायचा. लागलेलं तिकीट दिसलं की बक्षिसाहून जास्त रोख द्यायला तयार. लोकांना वाटे, हा खुळा आहे की काय. खुळा कसला! त्याच्या शेठकडे हिशेबाबाहेरचा पैसा. तिकीट आपल्या नावाने वटवलं की तो पैसा लॉटरीत लागलेला, म्हणजे अगदी धुतलेला. तिकिटामागे नाव लिहिलेलं नसेल तोवर ते ज्याच्या हातात त्याचं. म्हणून मी येईल त्याला ओरडून सांगायची, तिकीट घेतलं की पहिल्यांदा मागे नाव लिहा.

मग एकेक करत मिल बंद पडू लागल्या. आमची शाखा मिलवाल्यांच्याच वस्तीत. पगाराच्या दिवशी जिथे दारातून आत शिरता येत नसे, तिथे शिपाई दुपारी पेंगायला लागला. रेडिओवर रोज नवीन धोरण, बाजारात रोज नवीन साबण, आणि आमच्या समोरच्या चहाच्या टपरीवर सकाळपासून बसलेली कामगार माणसं. भोंगा होत नव्हता, पण त्यांना जाग त्याच वेळेला यायची. घरी बसवत नसे, म्हणून ती इस्त्रीचा शर्ट घालून टपरीवर येऊन बसत. टपरीच्या शेजारी आधी एक लॉटरीचा ठेला होता, बघता बघता रांग लागली. मला त्या ठेल्यांचा राग यायचा, आणि त्याच ठेल्यांमुळे माझं टेबल चालायचं.

त्याच दिवसांत नामदेव इंगळे आला. बरोबर त्याची बायको सुशीलाबाई. तिने पिशवीतून मिलचा जेवणाचा डबा काढला, डब्यातून प्लास्टिकची थैली, थैलीतून रुमाल आणि रुमालातून तिकीट.

"मॅडमजी, जरा देखून सांगा ना, हे बरोबर आहे का? हे बोलतात लागली. मला यांचा भरोसा नाही."

मी अंक जुळवले. पुन्हा जुळवले. पाण्याचा ग्लास पुढे केला नाही. "लागली आहे," मी म्हटलं. "दुसरं बक्षीस. एक लाख."

नामदेव हसलाही नाही. सुशीलाबाई मात्र खुर्चीवर बसली आणि पदराने तोंड पुसत राहिली. मग तिने सगळं सांगितलं. परदेशीपुऱ्यात दोन खोल्यांत ते भाड्याने राहत होते, लग्न झाल्यापासून. घरमालक आता मुलाकडे रतलामला जायला निघाला होता. तो म्हणाला होता, दिवाळीपर्यंत पैसे दिले तर खोल्या तुमच्या, नाहीतर एका व्यापाऱ्याला गोदामासाठी देऊन टाकतो. मिलकडून देणं कधी मिळेल ते कोणालाच ठाऊक नव्हतं. खोल्या गेल्या तर बऱ्हाणपूरच्या पुढे गावी, नामदेवच्या थोरल्या भावाच्या दारात. "जेठानी भाकरी देईल," सुशीलाबाई म्हणाली, "पण मोजून देईल. मी इथे साड्यांना फॉल लावून चार पैसे कमावते, तिथे काय करू?" लॉटरी घेतात म्हणून ती नवऱ्याशी बोलत नव्हती, आणि आता त्याच लॉटरीवर तिचं घर टांगलेलं होतं.

मी तिकीट उलटं केलं. मागे नावाच्या ओळीवर ठसठशीत अक्षरात लिहिलं होतं: '२२०७, बुनाई खाता'. सहीच्या जागी पुन्हा '२२०७'. नाव कुठेच नाही.

"हे काय आहे?"

"माझा मिलचा बिल्ला नंबर आहे मॅडमजी, कापड विणायच्या खात्यातला," नामदेव म्हणाला. "तुम्हीच तर बोलता, घेतल्या घेतल्या मागे लिहून टाका. मी लिहिलं."

सुशीलाबाईने डबा माझ्यापुढे सरकवला. झाकणावर खिळ्याने ठोकून काढलेले आकडे, २२०७. "यांचं असंच आहे. छत्रीवर नंबर, सायकलवर नंबर, चपलेच्या आत नंबर. लग्नातली परात होती माझ्या माहेरची, तिच्यावर पण ठोकला."

मिलमध्ये एका नावाचे वीस-वीस जण. डबे सारखे, चपला सारख्या. नंबर मात्र एकाचा एकच. पगार नंबरावर, सुट्टी नंबरावर, दंडसुद्धा नंबरावर. सत्तावीस वर्षं ज्याने आपली प्रत्येक वस्तू अशी राखली, त्याने तिकीटही तसंच राखलं, यात त्याचं काय चुकलं?

शेजारच्या टेबलावरचा क्लार्क पुटपुटला, "काट मारून वर नाव लिहून टाका, कोण पाहतं." मी त्याच्याकडे असं पाहिलं की तो परत बोलला नाही. तिकिटावर खाडाखोड दिसली की ते रद्द. जोशीसाहेबांकडे गेले. साहेबांनी चष्मा पुसला. "खरातबाई, हे परत करा. उगाच बँकेच्या गळ्यात येईल."

"पाठवून तर बघू साहेब. परत आलं तर आलं."

हे चाललेलं असताना नामदेव तिकीट घेऊन सुशीलाबाईबरोबर बाहेर पायरीवर गेला होता. तिथे पेढीचा तो पान चघळणारा माणूस होताच. मला केबिनच्या काचेतून दिसत होतं. त्याने नामदेवच्या खांद्यावर हात टाकला. मी धावत दारात पोचले तेव्हा तो म्हणत होता, "भिया, सवा लाख नगद. अभी के अभी. ना टैक्स, ना लिखापढ़ी. घर जाके आराम से सो जाना." नामदेवचा हात खिशाकडे गेला. सुशीलाबाई "नाही, नाही" म्हणेपर्यंत तिकीट त्या माणसाच्या हातात होतं.

त्याने ते उलटवलं. "ये क्या लिख मारा यार? ये मेरे सेठ के किस काम का?" आणि तिकीट परत नामदेवच्या हातात देऊन तो दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळला.

त्या दिवशी आम्हा सगळ्यांनाच वाटलं, बिचाऱ्याचं ना इकडे जमलं ना तिकडे. पुढे कळलं, त्याच पेढीला तिकीट विकलेल्या एका ऑटोवाल्याला निम्मेच पैसे मिळाले. बाकीचे मागायला गेला तर कोणी ओळखही दाखवली नाही, आणि तक्रार करायची तर कशाची करणार? हे ऐकल्यावर सुशीलाबाईने म्हणे त्या परातीवरचा नंबर चिंचेने घासून लख्ख केला.

'पाठवा, पण तुमच्या जबाबदारीवर,' असं साहेबांकडून वदवून घेऊन तिकीट मी पाठवलं. जायचं ते गेलं आणि तिकडच्या शाखेकडून आक्षेप आला: तिकिटामागे दावेदाराचं नाव नाही, सदर नंबर दावेदाराचाच असल्याचं प्रमाणित करून पाठवावं. तिकीट त्यांनी ठेवून घेतलं होतं, एवढीच मेहरबानी. आक्षेप चुकीचा नव्हता. मी तिकडे असते तर मीही तोच काढला असता.

दाखला आणायचा कोणाकडून? मिलच्या फाटकाला कुलूप, कुलपाला सील. ज्या सरकारी कचेरीकडे मिलचा कारभार गेला होता तिथे नामदेवबरोबर मी स्वतः गेले. तिथला बाबू भला होता. म्हणाला, "कागज सब अंदर बंद हैं बहनजी. कोर्ट का हुकुम आएगा तो खोलेंगे." कधी येईल ते त्यालाही माहीत नव्हतं. दिवाळी मात्र कधी येईल ते सगळ्यांना माहीत होतं.

"दुबेबाबू वळखतील मला," परतताना नामदेव म्हणाला. "टाइमकीपर होते. रोज सकाळी फाटकावर नंबर पुकारायचे, आम्ही हाजिर बोलायचं, बिल्ला घ्यायचा, आत जायचं. आता ते हातोदला असतात. लसणाची शेती करतात."

महूला घरी अण्णांना सांगितलं की रविवारी हातोदला जातेय, का जातेय तेही सांगितलं. मला वाटलं, लॉटरीसाठी सुट्टी घालवते म्हणून ओरडतील. अण्णा म्हणाले, "जा. फौजेत आम्हाला पण नंबर होता. पण हजेरीला नंबराबरोबर नाव पण घेत. नुसता नंबर तर बुटाला पण असतो."

रविवारी नामदेव, सुशीलाबाई आणि मी पोचलो तेव्हा हातोदच्या मंडीत पोत्यांच्या थप्पीपाशी एक उंच, वाळका म्हातारा लसूण निवडत बसला होता. त्याने मान वर केली, नामदेवकडे पाहिलं आणि उडीच मारली. "अरे! बाईस सौ सात!" त्याने नामदेवला असं कवटाळलं की दोघांच्या अंगावर लसणाची सालं उडाली. "बुनाई खाता, पहली पाली! तू है कहाँ रे?" मी मनात म्हटलं, झालं काम.

चहा आला, जलेबी आली. मग दुबेजींनी नामदेवच्या पाठीवर थाप मारून अगदी सहज विचारलं, "और भिया, नाम क्या है तुम्हारा?"

नामदेवने जलेबी परत कागदावर ठेवली. "नामदेव," तो म्हणाला. "नामदेव इंगळे."

दुबेजी ओशाळले, पण खोटं बोलले नाहीत. "बुरा मत मानना. हज़ारों आदमी थे. नाम पूछने की फुरसत किसको थी?"

आम्ही वकिलाकडे गेलो. त्याने प्रतिज्ञापत्र खरडून आणलं: मी शपथेवर सांगतो, की नंबर २२०७ म्हणजे नामदेव इंगळे. दुबेजींनी ते वाचलं आणि पेन खाली ठेवलं. "बहनजी, नंबर की कसम खा लूँगा. शकल की भी खा लूँगा. नाम की कैसे खाऊँ? नाम तो मैंने आज सुना है." वकील म्हणाला, "दादा, करो साइन, सब करते हैं." दुबेजी म्हणाले, "सब करते होंगे." मला त्यांचा रागही आला आणि पायाही पडावंसं वाटलं.

परतीच्या बसमध्ये नामदेव खिडकीबाहेर पाहत होता. तसाच बाहेर पाहत म्हणाला, "मॅडमजी, सत्तावीस वर्षं रोज सकाळी घराबाहेर पहिला आवाज त्यांचाच ऐकला. मला वाटायचं, त्यांना नाव माहीत असेल." सुशीलाबाईने त्याच्या मांडीवर हात ठेवला. ती बोलायला लागली होती त्याच्याशी, हे मला तेव्हा कळलं.

सोमवारी महूहून बसने येताना माझ्या डोक्यात एकदम प्रकाश पडला. दुबेजींना नंबर आणि चेहरा माहीत. नाव आणि चेहरा कोणाला माहीत? आम्हाला! नामदेवचं खातं आमच्या शाखेत होतं, पंधरा वर्षं जुनं, फोटोसकट. मधला चेहरा दोघांकडे आहे. एका फोटोखाली दुबेजींनी लिहायचं, हा माणूस २२०७. त्याच फोटोवर आमच्या मॅनेजरने सही-शिक्का करायचा, हा माणूस नामदेव इंगळे. कोणालाच खोटं बोलायला नको.

जोशीसाहेबांनी सगळं ऐकलं, चष्मा पुसला. "कल्पना चांगली आहे. पण खरातबाई, हा दुबे खरोखर टाइमकीपर होता, हे मला कोण सांगणार? त्याचे कागद पण मिलमध्येच बंद. उद्या भानगड निघाली तर पेन्शन माझी जाईल, दुबेचा लसूण नाही जाणार." साहेब वाईट नव्हते. बँकेत घाबरट माणूस असावाच लागतो. पण दिवाळी जवळ येत चालली होती.

दुबेजी इंदूरच्या मंडीत लसूण घेऊन आले त्या सकाळी मी त्यांना बँकेत बोलावून घेतलं. साहेबांनी आपली शंका बोलून दाखवली, नम्रपणेच. दुबेजींनी रागावावं की नाही याचा क्षणभर विचार केला. मग म्हणाले, "आओ साहब, बाहर आओ."

ते पायरीवर उभे राहिले. समोरच्या टपरीवर नेहमीची माणसं बसलेली, पाठ आमच्याकडे. मध्ये टेम्पो, सायकली, भाजीच्या गाड्या. दुबेजींनी एक हात कानावर ठेवला आणि त्या वाळक्या छातीतून असा आवाज निघाला की आमचा शिपाई स्टुलावरून उठला.

"बाईस सौ साऽऽत!"

"हाजिर!"

टपरीवर नामदेव उभा होता, हातात चहाचा ग्लास. त्याने मागे वळूनसुद्धा पाहिलं नव्हतं. तोंडातून शब्द गेला आणि मग त्याला कळलं की आपण उभे आहोत.

दुबेजी थांबले नाहीत. "अठारह सौ बाराऽऽ!" "हाजिर!" "उन्नीस सौ चालीऽऽस!" "हाजिर, बाबूजी!" एकेक माणूस उठत होता. कोणी बिडी टाकली, कोणी शर्ट खाली ओढला. रस्त्यावरचे सायकलवाले थांबून पाहायला लागले. मग दुबेजींनी आणखी एक नंबर पुकारला आणि उत्तर आलं नाही. त्यांनी पुन्हा पुकारला. टपरीवरून कोणीतरी म्हणालं, "वो तो गुजर गया, बाबूजी. सावन में."

दुबेजींचा हात कानावरून खाली आला. ते आत येऊन बाकावर बसले. यावेळी पाण्याचा ग्लास मीच नेऊन दिला. माझे डोळे भरून आले होते आणि ते लपवायचं मला सुचलंही नाही.

जोशीसाहेब केबिनमध्ये गेले. चष्मा काढला, पुसला, घातला, परत काढला. "तो फोटो आणा," म्हणाले. सही केली, शिक्का मारला, आणि शिक्का नीट उमटला नाही म्हणून शेजारी आणखी एक मारला.

पैसे नवरात्र संपता संपता आले, कर कापून. एका दुपारी टपालात जमा झाल्याची सूचना दिसली आणि मी खुर्चीतून जवळजवळ ओरडलेच. इतकं हलकं मला माझ्या बढतीच्या दिवशीही वाटलं नव्हतं. साहेबांनी खिशातून पैसे काढून सगळ्या स्टाफला पोहे-जलेबी मागवली. सुशीलाबाईने पासबुक दोनदा वाचून घेतलं आणि त्याच दिवशी घरमालकाच्या नावाचा ड्राफ्ट काढायला लावला. "घरी नेले तर हे परत तिकीट घेतील," ती म्हणाली. नामदेव हसला. नंतर त्याने तिकीट कधी घेतलं नाही असं ती सांगायची, आणि मी विश्वास ठेवायची.

सगळ्यांचं असं झालं नाही, हेही लिहायला हवं. त्या टपरीवर उभ्या राहिलेल्या माणसांपैकी कितीकांची उरलीसुरली पुंजी त्या ठेल्यांवर गेली. मी त्यांना 'तिकिटामागे नाव लिहा' एवढंच सांगत राहिले, 'तिकीटच घेऊ नका' असं काउंटरवरून कधी सांगितलं नाही. ते माझं काम नव्हतं, असं तेव्हा वाटे. पुढे ठेले उठले, माझं ते टेबलही गेलं, आणि मला मनापासून सुटल्यासारखं झालं. आता तोच ठेला प्रत्येकाच्या खिशात आहे, आणि 'हाजिर' म्हणायला समोर कोणी नसतं.

त्या दोन खोल्यांच्या घरभरणीला आम्हाला बोलावणं होतं. मी अण्णांना घेऊन गेले, जोशीसाहेबही आले. दाराशेजारी रंगवून घेतलं होतं, 'नामदेव इंगळे'. आकडा कुठेही नव्हता. त्यावर सुशीलाबाईची नजर होती. आत पंगत बसलेली, नामदेव कढीची बालटी घेऊन वाढत होता. इतक्यात गल्लीतून आवाज आला.

"नामदेवजी! ओ इंगळे नामदेवजी!"

नामदेव वाढतच राहिला. आवाज पुन्हा आला. त्याने पुढच्या पानावर कढी घातली.

"अहो," सुशीलाबाई म्हणाली, "दुबेबाबूजी तुम्हाला बुलावतात."

"मला?" तो म्हणाला. बालटी तिथेच ठेवून, हात धोतराला पुसत तो दाराकडे धावला.

उंबऱ्याबाहेर दुबेजी उभे होते. अंगात धुतलेला कुर्ता, हातात लसणाची वेणी. "क्यों भिया, अपना नाम भूल गया क्या?"

नामदेवने काही बोलायला तोंड उघडलं, पण त्याच्या तोंडून एकच शब्द आला. "हाजिर."

"हाजिरी खतम," दुबेजी म्हणाले. "अब तू घर का मालिक है, मैं मेहमान. अंदर बुला."